डबा हुंगणारे नाना

माझ्या बायकोने आयुष्यात दोनच माणसांना कधी उलटून विचारलं नाही. एक तिचे वडील आणि दुसरे नाना. वडिलांचं मी समजू शकतो. नाना तिचे कोणीच नव्हते. आम्ही सिल्वासाला राहत असताना मसाटच्या ज्या डब्यांच्या कारखान्यात मी तपासनीस होतो, तिथे ते मशीनवर होते. प्लॅस्टिकच्या कुठल्या डब्यात काय ठेवावं हे मी रीतसर शिकून, परीक्षा देऊन, डिप्लोमाची सुरळी घेऊन आलो होतो. नानांना पगाराच्या कागदावर सही करतानासुद्धा घाम फुटायचा. तरी आमच्या स्वयंपाकघरात कुठला डबा राहील आणि कुठला जाईल, हे ठरवायचे नाना.

मी हे हसत हसत लिहितोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, आणि जेवताना त्यांचं नाव निघालं तर ताटावरून उठावं इतका वाटायचा.

नाना खानदेशातले, शिरपूरच्या बाजूचे. पन्नाशीला टेकलेले, काटक, आणि चेहऱ्याच्या मानाने नाक जरा मोठंच. साच्यातून डबा निघाला की तो थोडा निवू द्यायचे. मग त्यात कढत पाणी ओतून झाकण लावायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे. तंबाखू मळून झाली की झाकणाचा एक कोपरा उचलायचे आणि त्या फटीत नाक घालायचे. डोळे मिटलेले. आजूबाजूला मशीन धडधडताहेत, कुणी ओरडतंय, नाना तिथे नाहीतच. मग डोळे उघडून निकाल द्यायचे.

"हाऊ डाळना शे."

"हाऊ लोणचाले चालणार नही."

आणि सगळ्यांत वाईट शेरा म्हणजे, "हाऊ बटना ठेवाना." म्हणजे खाण्याची कुठलीही वस्तू यात घालू नका, शर्टाची बटणं ठेवा.

प्लॅस्टिकच्या जातींना त्यांनी आपली नावं ठेवली होती. जाळलं की मेणबत्तीसारखा वास येतो तो 'मेणवाला'. बोटाने टिचकी मारली की काचेसारखा वाजतो आणि पडला की तडकतो तो 'कडकड्या'. जाळला की नाक चुरचुरतं तो 'आंबट'. मी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्या ऑपरेटरांना एकत्र बसवून खऱ्या रासायनिक नावांचा तक्ता भिंतीवर लावला आणि समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी खुद्द आमचे शेठ गोदामाच्या दारातून ओरडत होते, "अरे, मेणवाळानी दस बोरी काढो!" माझा तक्ता पुढे चार वर्षं त्या भिंतीवर होता. त्याच्या खिळ्याला लोक टोप्या अडकवायचे.

नानांचा स्वतःचा डबा हा एक वेगळाच विषय होता, कारण प्लॅस्टिकचा डबा त्यांच्याकडे नव्हताच. दिवसाला हजारांनी डबे काढणारा हा माणूस भाकरी फडक्यात बांधून आणायचा आणि ठेचा काचेच्या बाटलीत. ती बाटली कुठल्याशा पौष्टिक पावडरीची होती, लेबल खरवडून काढलेली. भाजी असली तर स्टीलच्या कडीच्या डब्यात. मी एकदा टोमणा मारला, "नाना, आपणच आपल्या मालात जेवत नाही, मग गिऱ्हाइकाने का जेवावं?" नाना भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "साहेब, गिऱ्हाइकले सांगणारं कोणी नही ना. माले मी शे." आसपासचे सगळे हसले. ते मला हसले की नानांच्या बोलण्याला, हे मी घरी जाईपर्यंत ठरवत होतो.

आमच्या कारखान्यात दिवाळीच्या आधी नापास माल कामगारांना वाटायची पद्धत होती. कुठे काठ वाकडा, कुठे रंग उतरलेला, कुठे झाकण सैल. लोक पोती भरभरून न्यायचे. आजूबाजूच्या बाकीच्या कारखान्यांतूनही असंच काहीबाही वाटलं जायचं. त्यामुळे आमलीला आम्ही राहायचो त्या खोल्यांच्या ओळीत घरोघरी डबेच डबे. लाल, हिरवे, निळे, पिवळे. पीठ त्यात, मीठ त्यात, आमटी त्यात, लेकराचं दूधही त्यात. यातले बरेचसे भंगाराच्या दाण्याचे असत. म्हणजे जुन्या बादल्या, चपला, पाइप, जे मिळेल ते दळून पुन्हा वितळवायचं आणि वर गडद रंग ओतायचा, की आत काय आहे ते दिसू नये. असला डबा कोपऱ्यात ठेवायला ठीक. त्यात उकळती आमटी ओतायची नसते. हे मला माहीत होतं. मी दोन-तीनदा शेजाऱ्यांना सांगितलंही होतं, पण मी सांगायचो ते टक्केवारीत, आणि बायका "हो का?" म्हणून पुन्हा आमटी ओतायच्या.

नानांनी टक्केवारी सांगितली नाही. ते आमच्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहायचे. दिवाळीनंतरच्या रविवारी ते ओट्यावर बसले, बायकोला चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं आणि शेजारणीला म्हणाले, "आण तुना डबा." त्या दिवशी एक बाई आली, पुढच्या रविवारी नऊ. मग तो रिवाजच झाला. सकाळी नाना ओट्यावर, समोर डब्यांची रांग, पलीकडे पदर खोचलेल्या बाया. नाना कढत पाणी ओतणार, तंबाखू मळणार, हुंगणार. हा कोरड्या डाळीला. हा पिठाला. यात लोणचं घालायचं नाही, तेल आणि मीठ दोन्ही याला खातात. याच्या आत ओरखडे पडलेत, आता याची नोकरी संपली. श्रीखंडाच्या डब्याबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं, की जो थंड माल घेऊन आला, त्यात थंडच ठेवायचं, त्याला गरमाची सवय नाही. बायांना हे पटायचं. डब्याचाही स्वभाव असतो, हे त्यांना माझ्या टक्केवारीपेक्षा लवकर कळायचं.

एका रविवारी मी बाजारातून परत येत होतो. पिशवीत वांगी होती हेसुद्धा मला आठवतं. नानांच्या ओट्यापुढच्या रांगेत तिसऱ्या नंबरला माझी बायको उभी होती. ती तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. चांगली पदवीधर बाई. तिच्या हातात एकात एक घातलेले पाच डबे होते, आणि वरच्या डब्यावर तपासणीचा गोल शिक्का मला दहा पावलांवरून ओळखू आला. माझाच होता. मी पास केलेले, मी घरी आणलेले डबे ती नानांकडून पास करून घ्यायला आली होती.

मी सरळ घरी गेलो आणि वांगी स्वयंपाकघरात आपटली. थोड्या वेळाने ती आली.

"अहो, पाचातले चार चांगले आहेत म्हणाले नाना."

"माझा शिक्का होता त्यावर."

"हो, ते मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, साहेबांचा शिक्का बरोबरच असणार, पण बघून घेऊ."

"आणि पाचवा?"

तिने तो वेगळा काढून ठेवला. "बटणं ठेवायला."

आमच्या घरात त्या डब्यात खरोखरच बटणं ठेवली गेली. आणि मी तो डबा पुढे नीट तपासला तेव्हा, काय सांगू, नानांचं बरोबर होतं. त्या पाळीत कुणीतरी भंगाराचा दाणा मिसळला होता आणि मी नमुना न काढता शिक्का मारला होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही. हेव्याचं असंच असतं. समोरचा चुकला तर आपण गावभर सांगतो, बरोबर निघाला तर गप्प बसतो.

कारण एकदा नाना चुकलेही होते, आणि ते मी खरोखरच गावभर सांगितलं. कारखान्यात काळ्या रंगाचे काही डबे निघाले होते. नानांचा काळ्यावर राग. काळा म्हणजे भंगारच, असा त्यांचा हिशेब. रविवारी त्यांनी ओळीतल्या सगळ्या बायकांचे काळे डबे बाद केले. मी मात्र त्या मालाची पोती स्वतः फोडताना पाहिली होती. दाणा नवाकोरा होता, रंगही खाण्याच्या भांड्यांना चालणारा होता. मी पोत्याची चिठ्ठी खिशात घालून आणली आणि भर रविवारी सगळ्यांसमोर त्यांच्या ओट्यावर ठेवली. वाचूनही दाखवली, कारण त्यांना वाचता येत नाही हे सगळ्यांना दिसावं अशी माझी इच्छा होती.

नानांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बायकांना म्हणाले, "मनं चुकनं. साहेब खरं सांगतस." एवढं बोलून थांबले नाहीत. उठले, चप्पल घातली आणि ज्या बायका त्या दिवशी आल्या नव्हत्या, त्यांच्या दारात स्वतः जाऊन सांगितलं, की काळा डबा टाकला असेल तर परत घ्या, माझी चूक झाली. पुढच्या रविवारी रांग दुप्पट झाली. चूक झाली तर सांगायला दारात येतो, असा माणूस म्हणून लोकांचा त्यांच्यावर आणखी विश्वास बसला. मी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. चुकूनसुद्धा त्या माणसाचा भाव वाढायचा.

मग नव्वदीच्या मधल्या वर्षांत मायक्रोवेव्ह आला, आणि मला वाटलं, आता माझे दिवस आले.

शेठना परदेशी पाठवायच्या डब्यांची ऑर्डर मिळाली होती. डबे मायक्रोवेव्हमध्ये चालणारे हवे होते, म्हणून तपासणीसाठी शेठनी एक ओव्हन आणवला आणि तो माझ्या लॅबच्या टेबलावर बसला. लॅब म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि तराजू. पण ओव्हन आला आणि त्या खोलीला एकदम तेज आलं. राखोली, खडोलीच्या कारखान्यांतले ओळखीचे लोकही बघायला येऊन गेले. आमच्या मॅनेजरने कौतुकाने स्टीलच्या पेल्यात चहा ठेवून बटण दाबलं, आत निळ्या ठिणग्या उडाल्या आणि तो "बंद करो, बंद करो!" म्हणत बाहेर पळाला. मी बंद केला. मला फार बरं वाटलं, कारण ठिणग्या का उडाल्या हे तिथे फक्त मला माहीत होतं.

त्याच दुपारी मी नानांना मुद्दाम बोलावून घेतलं. "नाना, तुमचं लाडकं स्टील यात चालत नाही बरं का. पितळ नाही, तांबं नाही, सोनेरी काठाची कपबशीसुद्धा नाही."

नानांनी ओव्हनभोवती एक फेरी मारली. दाराच्या जाळीतून आत पाहिलं.

"काच चालस?"

"साधी नाही. जाड, भट्टीची काच चालते."

"चिनी माती?"

"चालते. सोनेरी नक्षी नको."

"मग डबा कशाले?" नाना म्हणाले. "यामा तापाडानं, काचमा तापाडानं. डबामा फक्त ठेवानं."

आज कुठल्याही शहाण्या घरात हेच करतात. ठेवायचं कशातही ठेवा, गरम करताना काचेत काढा. पण त्या वेळी मी मायक्रोवेव्हचे डबे विकणाऱ्या कारखान्याचा तपासनीस होतो. मी म्हणालो, "नाना, तुमची पाळी सुरू झाली, जा."

ओव्हनच्या खोलीची किल्ली मी कमरेला लावली. घरी बायकोला रोज काहीतरी सांगायचो. अन्न आतून कसं तापतं, झाकण घट्ट लावलं तर वाफ कोंडून कसं उडतं. ती वह्या तपासत ऐकायची. एकदा तिने मान वर केली. मी खूश झालो. ती म्हणाली, "नानांना दाखवलंत का? त्यांना किती नवल वाटेल!"

याच सुमाराला नानांचा उजवा खांदा गेला. मशीनचं दार उघडायचं, डबा काढायचा, दार लावायचं, हे दर अर्ध्या मिनिटाला, बारा तास, वर्षानुवर्षं. हात खांद्याच्या वर जाईना. ते डाव्या हाताने उजवा हात उचलून दाराच्या मुठीवर ठेवायचे. एका दुपारी ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"साहेब, माले तुमच्या लॅबमा घ्या. झाडू मारसू, डबा धुसू. बसीसन काम करसू. मशीन आता होत नही."

"शेठशी बोलायला हवं," मी म्हणालो.

"तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतस."

मी हो म्हणालो. बोललो नाही. दोन आठवडे रोज सकाळी ठरवायचो की आज बोलू, आणि रोज डोळ्यांपुढे येई, की नाना माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेत, मी यंत्रावर आकडा वाचतोय आणि आलेला माणूस माझ्या डोक्यावरून त्यांना विचारतोय, "काय नाना, कसा आहे?" मग ते बोलणं दुसऱ्या दिवसावर जाई.

परदेशी ऑर्डरचे पहिले डबे निघाले. तपासणी कशी करायची ते कागदावर लिहून आलं होतं, की डब्यात पाणी घालायचं, इतकी मिनिटं तापवायचं, डबा वाकला का बघायचं. मी शंभर डबे तापवले. एकही वाकला नाही. शिक्का तयार ठेवला आणि जेवायला गेलो. त्या दिवशी किल्ली दाराला तशीच राहिली.

परत आलो तर बाहेरच लसणाचा आणि काळ्या मसाल्याचा वास. आत नाना ओव्हनसमोर हात मागे बांधून उभे. माझ्या टेबलावर त्यांचा कडीचा डबा उघडा पडलेला.

"कुणी सांगितलं तुम्हाला आत यायला?"

"साहेब, दोन मिनिटं. झाली जाई."

ओव्हन थांबला. नानांनी फडक्याने आमचा नवा डबा बाहेर काढला. आत त्यांच्या घरची शेवभाजी होती, शेव न टाकलेली, नुसता रस्सा. वर बोटभर तेलाचा लाल तवंग, आणि कडेने तो तडतड उकळत होता. त्यांनी रस्सा आपल्या डब्यात परत ओतला, आमचा डबा चिंधीने पुसला आणि माझ्यापुढे धरला. जिथपर्यंत तेल होतं तिथे आतून प्लॅस्टिक खरखरीत होऊन पांढरं फुटलं होतं. एके ठिकाणी तर खळगा पडला होता. तळ लाल झाला होता तो पुसूनही जाईना.

"पाणी शंभरवर जात नही, साहेब. तेल जास. बाया यामा पाणी तापाडतीन का भाजी?" मग डबा माझ्या नाकाखाली आणत म्हणाले, "आता वास घ्या."

मी घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्यासारखे डोळे मिटून. लसणाच्या खाली दुसरा एक वास होता. नव्या रेनकोटची घडी उलगडताना येतो तसला. मी शंभर डबे तापवले होते आणि एकदाही हुंगला नव्हता.

"शेठले तुम्ही सांगा," नाना म्हणाले. "मी सांगू तर म्हणतीन, हाऊ काय सांगस."

त्यांनी आपला कडीचा डबा बंद केला आणि मशीनवर गेले. त्या दिवशी त्यांनी भाकरी कशाशी खाल्ली कोण जाणे. प्लॅस्टिकमध्ये उकळलेला रस्सा ते खाणाऱ्यांतले नव्हते.

मी तो डबा घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. जाताना जिन्यावर मी एक वाक्य मनात तयार केलं होतं, 'नानांनी एक प्रयोग केला.' दार उघडलं आणि तोंडातून निघालं, "शेठ, मी एक प्रयोग केला."

शेठ हुशार माणूस. डबा उलटासुलटा पाहिला, बोट फिरवलं, एरवी कशालाही "चालशे, चालशे" म्हणणारे, पण त्या वेळी उठून उभे राहिले. हा माल गेला असता आणि तिकडून परत आला असता, तर कारखाना बसला असता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नवा दाणा मागवला, भंगाराचं दळण त्या मशीनच्या आसपास आणायला बंदी केली, आणि झाकणावर छापून घेतलं, की झाकण सैल ठेवा, तेलकट पदार्थ यात गरम करू नका. ती ओळही माझ्याच नावावर जमा झाली. महिन्याभरात मी तपासणीचा प्रमुख झालो.

ज्या दिवशी प्रमुख झालो, त्याच दिवशी शेठ म्हणाले, "साहेब, हवे लॅबमां एक माणस जोईए. नानाने लई लो ने. एनुं नाक बहु सारुं छे."

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. नानांनी मागितलेली खुर्ची शेठ आपणहून देत होते, आणि माझ्या तोंडून उसन्या शहाणपणाचा वास अजून गेला नव्हता. मी म्हणालो, "शेठ, त्यांना वाचता येत नाही. रिपोर्ट कोण लिहिणार?"

हे खरं होतं. म्हणून तर मला ते इतक्या सहज बोलता आलं.

लॅबमध्ये एक नवा डिप्लोमावाला आला. तो मला सर म्हणायचा आणि कुठल्याच डब्याला नाक लावायचा नाही. काही दिवसांनी शेठ बोलता बोलता म्हणाले, नाना विचारत होता लॅबचं, तर में कही दीधुं, साहेब ना पाडे छे. म्हणजे मीच नको म्हटलं, हे नानांना कळलं होतं. मी नुसती मान हलवली. त्यानंतर मशीनच्या बाजूने जायचं मी टाळू लागलो. कधी समोर आलोच तर नाना पूर्वीसारखेच "राम राम, साहेब" म्हणायचे. डाव्या हाताने उजवा हात उचलून मुठीवर ठेवायचे आणि दार ओढायचे. वर्षभर त्यांनी तसं काढलं. मग एक दिवस हात मुठीपर्यंतही जाईना आणि त्यांनी काम सोडलं.

गावी जायच्या आदल्या संध्याकाळी दोघं नवरा-बायको आमच्याकडे आले. माझ्या बायकोने त्यांना आत बसवलं, चहा केला. तिचे डोळे भरून आले होते. मी समोर बसून पेपर चाळत होतो, म्हणजे पेपरामागे होतो.

"नाना, या वयात मशीन कशाला ओढत बसलात?" ती म्हणाली. "यांच्या लॅबमध्ये तरी बसायचं होतं. यांनी घेतलं असतं की तुम्हाला." मग माझ्याकडे वळून तिने अगदी सरळ विचारलं, "अहो, तुम्ही शेठना का नाही सांगितलंत?"

मी पेपराचं पान उलटलं. नानांच्या बायकोने मान खाली घातली. तिला माहीत होतं, हे मला त्या एका मानेवरून कळलं.

नानांनी बशी खाली ठेवली.

"ताई, साहेबनी लई सांगितलं शेठले," ते म्हणाले. "माझ्यासाठी भांडले. पण माले वाचता येत नही, त्याले साहेब काय करतीन?"

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती ओट्यापुढच्या रांगेत उभी राहून ज्या नजरेने नानांकडे बघायची, त्याच नजरेने. मी त्या नजरेसाठी तक्ते लावले होते, चिठ्ठ्या वाचून दाखवल्या होत्या, किल्ली कमरेला लावून फिरलो होतो. ती मला मिळाली तेव्हा नानांनी दिली म्हणून मिळाली, आणि मी ती घेतली. "अहो, त्यात काय," असंही काहीतरी पुटपुटलो.

नाना उठले, राम राम केला आणि गेले. आमच्याकडे पाहुणे आले की ती अजून सांगते, की आमच्या ह्यांनी एका अशिक्षित कामगारासाठी मालकाशी भांडण केलं होतं. मी समोरच बसलेला असतो. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.